माळ्यावरची तलवार: घासायच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राजापूरकडच्या जुन्या घराचा माळा आवरताना धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली तलवार निघाली. म्यान उकललेलं, पात्यावर गंज, मूठ हलते. गावातला फॅब्रिकेशनवाला म्हणतोय, "द्या इकडे, बफ मारून चकाचक करतो, मूठ वेल्डिंगने कायमची बसवतो." वडिलांना ती खंडेनवमीला पूजेत हवी आहे, अमेरिकेतल्या धाकट्या भावाला ती स्वतःच्या घरी हवी आहे, आणि तुम्हाला पोलिसांची धास्ती आहे.

फॅब्रिकेशनवाल्याला आजच नाही सांगा. बाकी सगळं सावकाश केलं तरी चालेल. जी वस्तू दोनशे वर्षं टिकली ती आणखी महिनाभर टिकेल. बफिंगच्या चाकाखाली मात्र ती दहा मिनिटांत जाते.

जुन्या हत्यारांच्या कामात माझे हात बरीच वर्षं काळे झाले आहेत, आणि या कामात मी एकच नियम पाळतो: जे उद्या उलट करता येणार नाही ते आज करायचं नाही. तेल पुसता येतं, मेण काढता येतं, लाख पुन्हा वितळवता येते. घासून काढलेलं लोखंड परत येत नाही, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने गेलेलं पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, तोही परत येत नाही.

बफिंगने नेमकं काय जातं, ते एका उदाहरणाने सांगतो. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार विकत घेतली, सुमारे ४७ लाखांना. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं. मूठ इथली, सोन्याच्या नक्षीची. अशी फिरंगी पाती मराठ्यांकडे भरपूर होती. मग ही रघुजींची कशावरून? तर पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या जाड कडेवर, सोन्याच्या देवनागरी अक्षरांत 'सेनासाहेब सुभा' या किताबासह त्यांचं नाव आहे. ती अक्षरं म्हणजे पोलादावर बसवलेला अगदी पातळ सोन्याचा थर. मधल्या काळात कोणी हौशी माणसाने पाठ 'साफ' करून घेतली असती, तर ती तलवार आज एक बऱ्यापैकी जुनी फिरंग एवढीच उरली असती.

तुमच्या तलवारीवर नाव असेलच असं नाही. बहुतेकींवर नसतं. पण पाहिल्याशिवाय कळणार नाही, आणि गंजाखाली आधी पाहायचं असतं, मग हात लावायचा असतो.

पाहायचं कसं, ते सांगतो. दिवसा खिडकीजवळ बसा, ट्यूबलाइट बंद करा, पातं प्रकाशाला तिरकं धरा. दहापट मोठं दाखवणारं घड्याळजीचं भिंग मिळालं तर उत्तम. हातात पातळ नायट्राइलचे मोजे घाला, कारण घामातल्या मिठाने उघड्या लोखंडावर बोटांचे ठसे अक्षरशः गंजून उमटतात. काही पात्यांवर मी तळहाताच्या रेषाही पाहिल्या आहेत. आता चार ठिकाणं नीट बघा: पात्याची पाठ, मुठीला लागूनचा वीतभर भाग, कटोरीची खालची बाजू (मुठीच्या वरची गोल तबकडी म्हणजे कटोरी), आणि परजेची (बोटांपुढून वळणाऱ्या मुठीच्या कमानीची) आतली बाजू.

मुठीजवळच्या भागात ठसे सापडतात. एक नेहमीचा म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन दातेरी कोयत्यांसारख्या कमानी आणि त्यांच्या टोकांशी ठिपके. मुळात हा इटलीतल्या जिनोआकडचा शिक्का; पण तो इतका गाजला की हिंदुस्थानापासून कॉकेशसपर्यंत सगळ्यांनी त्याची नक्कल केली. दुसरा म्हणजे जर्मनीतल्या पासाऊ-झोलिंगनचा धावता लांडगा. लांडगा म्हटल्यावर लांडगाच शोधू नका. छिन्नीचे सात-आठ घाव असतात, बालवाडीतल्या पोराने काढलेल्या कुत्र्यासारखे, आणि कित्येक पात्यांवर तर तो उलटा-पालटा असतो. त्याच्याही इथे नकला झाल्या. म्हणून ठसा दिसला की पातं विलायती, असा निकाल लगेच देऊ नका. ठसा हा पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही. एकोणिसाव्या शतकात आणखी एक प्रकार वाढला: इंग्रजी घोडदळाच्या १७९६ नमुन्याची रुंद टोकाची पाती आपल्याकडच्या मुठींना बसवलेली. अशा पात्यांच्या पाठीवर कधीकधी बनवणाऱ्याचं नाव रोमन अक्षरांत बारीक कोरलेलं असतं. घरातली तलवार 'अस्सल मराठमोळी' नसून बर्मिंगहॅमची निघाली म्हणून हिरमुसणारे लोक मी पाहिलेत. हिरमुसायचं कारण नाही. आपल्या लोकांनी चांगलं पातं जिथून मिळालं तिथून घेतलं आणि मूठ आपल्या हाताला हवी तशी बसवली. 'फिरंग' हे नावच त्यातून आलं.

मुठीवर किंवा कटोरीखाली छोट्या ठिपक्यांनी टोचलेली अक्षरं-आकडे दिसले तर त्यांना हातही लावू नका. ते शस्त्रागाराचे नोंदक्रमांक असू शकतात. बिकानेरच्या जुनागढ शस्त्रागारातल्या हत्यारांवर अशा ठिपक्यांच्या नोंदी प्रसिद्ध आहेत; त्यातली काही १६८९ साली अदोनीचा किल्ला पडला तेव्हा दख्खनेतून तिकडे गेलेली. कोकणातल्या माळ्यावर तसलं काही सापडेल असं मी म्हणत नाही, पण ठिपके हे बऱ्याच जणांना गंजाचे खड्डे वाटतात आणि ते इमाने-इतबारे घासून काढतात.

आता पात्याचं पोलाद. तिरक्या प्रकाशात पृष्ठभागावर पाण्याच्या लाटांसारख्या किंवा बारीक दाणेदार रेषा हलताना दिसल्या, तर ते जौहरदार पातं असू शकतं, म्हणजे मुशीत वितळवलेल्या दख्खनी पोलादाचं. आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद भागात, कोनासमुद्रमसारख्या गावांत हे पोलाद होत असे आणि इराणपर्यंत जात असे. त्यात कार्बन साधारण दीड टक्क्याच्या आसपास असतो, आणि सावकाश थंड होताना व नंतर कमी उष्णतेवर ठोकताना त्यातले कार्बाइडचे कण ओळीने बसतात. तीच ती नक्षी. जुने शिकलगार (हत्यारं घोटणारे कारागीर) पातं घोटून झाल्यावर हिराकशीच्या, म्हणजे लोखंडाच्या एका क्षाराच्या, पाण्याने ती उठवत. गंजलेल्या पात्यावर ती सहसा झाकलेली असते, थोडीशी कुठेतरी डोकावते. हे काम घरी करायचं नाही, आणि यूट्यूब पाहून फेरिक क्लोराइड तर अजिबात ओतायचं नाही. नक्षी दिसली तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा.

नकली माल ओळखायची विद्या तुम्हाला सध्या लागणार नाही, कारण तुमची तलवार घरातून निघाली आहे, दुकानातून नाही. तरी एक सांगून ठेवतो, कारण एक तलवार सापडली की माणसाला दुसरी घ्यावीशी वाटते. जुन्या बाजारात पितळी सिंहमुखी मुठीच्या, पात्यावर मोठाल्या फारसी अक्षरांच्या, 'अमुक बादशहाची' म्हणून मिळणाऱ्या तलवारींपासून लांब राहा. ॲसिडने आणलेला गंज सगळीकडे सारखा, नारिंगी आणि भुसभुशीत असतो. खऱ्या जुन्या पात्यावर तो कधीच सारखा नसतो: जिथे हात लागला, जिथे म्यानाचं तोंड होतं, जिथे पाणी साचलं, तिथे तिथे वेगळा. आणि वजन बघा. चालवायची तलवार किलोभराच्या आसपास असते, थोडी इकडे-तिकडे. जेजुरीचा ४२ किलोचा खंडा दसऱ्याला तोलून धरतात तो देवाचा आहे, त्याची गोष्ट वेगळी. त्यावरून 'आपले पूर्वज वीस-तीस किलोच्या तलवारी फिरवायचे' असे फॉरवर्ड जे येतात, ते लिहिणाऱ्याने तलवार कधी अर्धा तास हातात धरलेली नसते.

आता गंज. गंज दोन प्रकारचा असतो आणि दोघांना वागणूक वेगळी. लाल-नारिंगी, बोटाला पूड लागणारा गंज जिवंत आहे, तो खात राहतो, तो काढायचा. काळपट-तपकिरी, घट्ट, गुळगुळीत थर असतो तो बसलेला आहे. तो पात्याचं संरक्षणच करतो आणि वयाची खूणही तोच. तो ठेवायचा. हौशी माणूस नेमकं उलटं करतो. काळं ते घाण समजून पांढरंफेक करायला जातो, आणि पांढरं झालेलं उघडं लोखंड पहिल्याच पावसाळ्यात पुन्हा लाल होतं.

पद्धत अगदी साधी आहे, फक्त वेळखाऊ. आधी मऊ ब्रशने धूळ आणि जाळी झाडा. जुनं चिकट झालेलं तेल असेल तर रंगाच्या दुकानात मिळणारं एमटीओ (मिनरल टर्पेंटाइन) कापसाला लावून पुसा, खिडकी उघडी ठेवून आणि जवळ शेगडी-निरांजन काही नसताना. एमटीओ फक्त पात्याला. मुठीच्या तोंडाशी, मखमलीला किंवा म्यानाला लावायचं नाही. स्पिरिट तर आणूच नका, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मग शिलाई मशीनचं तेल लाल डागांवर लावून रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी बांबूची कामटी तासून तिची छिन्नी करा, नाहीतर तांब्याचा चपटा तुकडा घ्या, आणि तेल असतानाच गंज खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ असतं, त्यामुळे गंज निघतो पण पात्यावर ओरखडा पडत नाही. पुसा, पुन्हा तेल, पुन्हा एक रात्र. वीतभर पात्याला तीन-चार संध्याकाळी सहज लागतात. हट्टी जागी अगदी बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात भिजवून हलक्या हाताने चालेल, पण आधी टोकाजवळ बोटाच्या पेराएवढ्या जागेवर करून बघा आणि पात्याच्या लांबीनेच फिरवा. गोल गोल फिरवलंत तर ते चट्टे जन्मभर दिसतात. सोन्या-चांदीची नक्षी, ठसा किंवा ठिपके असतील तिथे स्टील वूलही नाही. खड्ड्यांच्या तळाशी काळं उरेल. उरू द्या.

चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, कोलगेट, सॅंडपेपर, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश, बाथरूमचं ॲसिड: यातलं काही नाही. चिंच तांब्या-पितळेची. आणि धार लावायचीच नाही. बऱ्याच जुन्या पात्यांत कडक पोलाद धारेलाच असतं. दगडाच्या चाकावर एकदा धरलं की तेच पोलाद ठिणग्या होऊन जातं, वर पात्याचा घाटही बिघडतो.

मुठीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त तलवारी इथेच बिघडवल्या जातात. तुमच्या फोटोत परज आणि कटोरी असलेली नेहमीची वक्र तलवारीची मूठ दिसते. अशी मूठ आतून पोकळ असते. बरेचदा दोन अर्धुकं जोडून केलेली, आणि नीट पाहिलं तर कडेला जोडाची रेघ दिसते. पात्याचं शेपूट आखूड असतं, मुठीच्या पोकळीत बोटभर किंवा थोडं जास्त जातं, आणि ते आत ठोकलेलं किंवा रिबीट मारलेलं नसतं. लाख, राळ आणि विटेची बारीक पूड यांचा मसाला पोकळीत भरून, शेपूट तापवून त्यात खुपसलेलं असतं. एवढ्यावर ती तलवार लढायची. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण गार झालेला मसाला शेपटाला सगळीकडून घट्ट धरतो आणि घावाचा हादरा थोडा खातोही. शे-दीडशे वर्षांत लाख ठिसूळ होते, तुकडे पडतात, आणि मूठ खुळखुळायला लागते. तुमचं तेच झालेलं असणार. कानाशी धरून हलकेच हलवा, आत चूर खुळखुळत असेल तर खात्री.

खंडा, सरळ धोप किंवा पट्टा (दांडपट्टा) असता तर प्रकरण वेगळं होतं. खंड्याच्या मुठीतून निघालेल्या दोन पट्ट्या पात्याला दोन्हीकडून कवेत घेतात आणि आरपार रिबिटा असतात. पट्ट्याचं पातंही हाताच्या खोळीला असंच रिबिटांनी जोडलेलं. तिथे हलणारी मूठ म्हणजे सैल रिबीट, आणि ते काम जाणत्या कारागिराचंच.

मूठ हलते म्हणजे दुरुस्त केलीच पाहिजे, असं नाही. ही तलवार कोणी चालवणार नाही. नुसती ठेवायची असेल तर हलती मूठ हा काही रोग नाही. उचलताना एक हात मुठीला आणि दुसऱ्या हातात कापड घेऊन पात्याच्या मध्याला आधार द्यायचा, एवढं पुरतं. मूठ सुटून पातं पायावर पडण्याचा धोका तेवढा खरा आहे, म्हणून पूजेसाठी दरवर्षी उचलायची असेल तर बसवून घ्यावी, हे मला पटतं.

बसवायची तर अशी. मूठ अजून अर्धवट धरून असेल तर ओढाताण नाही. मूठ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कडकडीत गरम पाण्यात धरली की लाख मऊ होते. ती उकळत्या पाण्याच्या आतल्याच तापमानाला नरमते. गॅसच्या जाळावर धरायची नाही, सोन्या-चांदीचा मुलामा जातो आणि मुठीजवळच्या पात्याचं पाणी उतरतं. मऊ झाल्यावर पातं सरळ रेषेत सावकाश बाहेर येतं, लाखेचा ओळखीचा वास सुटतो. आतला जुना चूर काढा, चिमूटभर कागदाच्या पुडीत तारीख घालून ठेवा. पुढे कोणाला तपासायचा झाला तर असावा. शेपटावरचा सुटा गंज खरवडा, पण शेपूट घासून पातळ करू नका. तिथेही कधी खुणा असतात, त्यांचा फोटो काढून ठेवा.

मसाल्याला लाखेचे दाणे, थोडी राळ आणि कापडातून गाळलेली विटेची पूड. प्रमाण प्रत्येक कारागिराचं आपलं आपलं. नुसती लाख ठिसूळ पडते आणि आकसते, पूड तिला अंग देते. पूड केलेला हा मसाला पोकळीत भरायचा, मूठ ऊबदार करायची, शेपूट हीट गनने लाख वितळेल इतपतच तापवायचं (पात्याला ओलं फडकं गुंडाळून, म्हणजे उष्णता खाली उतरत नाही), आणि एका दमात आत दाबायचं. मसाला तोंडातून वर येतो, आला पाहिजे. आता हातात अर्धा मिनिट असतो. तेवढ्यात एक डोळा मिटून पाठीवरून टोकापर्यंत बघायचं: धार आणि परज एका रेषेत आहेत का? पातं किंचित पिळलेलं बसलं तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. गार होईपर्यंत मूठ खाली, पातं उभं, लाकडी जबड्याच्या शिकंजात, हलवायचं नाही. वर आलेला मसाला कोमट असतानाच कामटीने कापायचा.

हे वाचून जमेलसं वाटत असेल, तरी पहिल्यांदा स्वतःच्या खापरपणजोबांच्या तलवारीवर करू नका. शिकलगारांपैकी जुनं काम जाणणारे थोडे उरले आहेत, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात वस्तूंच्या जतनाचं स्वतंत्र केंद्र आहे. तिथे विचारणा करता येते. कारागिराला पहिलाच प्रश्न विचारा, 'कशाने बसवणार?' उत्तर अराल्डाइट, एम-सील किंवा वेल्डिंग आलं की नमस्कार करून तलवार परत आणा. अराल्डाइट घट्ट बसतं हे खरंच, आणि तक्रार तीच आहे: पुढच्या माणसाला ते सोडवताना मूठ फोडावी लागते.

म्यान उकललंय म्हणालात. बहुतेक म्यानं दोन लाकडी फळ्यांची, वरून चामडं किंवा मखमल शिवलेली, टोकाला तहनाळ, म्हणजे धातूची टोपी. शिवण धारेच्या बाजूने उसवली की पातं फटीतून बाहेर डोकावतं, आणि म्यान मुठीत धरून तलवार उपसणारा स्वतःचीच बोटं कापून घेतो. गंजलेलं पातं 'तसंही बोथट' असतं या समजुतीवर विसंबू नका. म्यान नेहमी पाठीकडून, तळहातावर पेलून धरा, बोटं धारेकडे वळवू नका. आणि तलवार म्यानात ठेवायचीच नाही. चामडं आणि लाकूड दमट हवेतलं पाणी धरून ठेवतं, चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं लोखंडाला खातात. म्यान शेजारी, तलवार वेगळी. म्यान जसं आहे तसं राहू द्या, सुती नाड्यांनी दोन ठिकाणी सैल बांधा. नवी मखमल चढवू नका.

ठेवण्याचं म्हणाल तर तुमचा खरा शत्रू कोकणातली हवा. हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड जोरात गंजतं, आणि तुमच्याकडे भर पावसाळ्यात ती ऐंशीच्या खाली क्वचितच येते. त्यात खारा वारा. म्हणून दिवाणखान्यात ढालीमागे कैची करून टांगायचा मोह टाळा, विशेषतः बाहेरच्या भिंतीवर. साफ झालेल्या पात्याला संग्रहालयांत वापरतात ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण अगदी पातळ लावा, वीस मिनिटांनी सुती कापडाने घोटा, वर दुसरा हात द्या. मेण मिळालं नाही तर शिलाई मशीनचं तेल, पण ते उतरतं, दर दोन महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. खोबरेल, तीळतेल, तूप नको. ही तेलं हवेत खवट आणि चिकट होतात, आणि त्यांच्यातलं आम्ल पात्याला लागतं. मग न रंगवलेल्या धुतलेल्या मांजरपाटात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या लांब पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवी ठेवा. शंभर-दोनशे ग्रॅम जेल पुरेल. रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत टाका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, तो कागद आम्लधर्मी असतो. पहिला पाऊस झाल्यावर एकदा आणि दसऱ्यानंतर एकदा उघडून बघायचं, एवढीच देखभाल.

खंडेनवमीचं वडिलांना असं सांगा. पूजा जरूर करा, फक्त ओलं काही पात्यावर नको. हळद-कुंकू पाण्यात कालवून पात्याला लावलं की त्याखाली आठवड्याभरात गंजाचा गोल डाग येतो. नारळाचं पाणी आणि लिंबू त्याहून वाईट. मेण लावलेली तलवार पाटावर कापड अंथरून ठेवा, गंधाक्षता आणि झेंडूची फुलं तिच्यासमोर विड्याच्या पानावर, आणि वाहायचंच असेल तर कोरडं कुंकू कटोरीवर चिमूटभर. संध्याकाळी पुसून पेटीत. माझ्या अनुभवात घरातली वडीलमंडळी याला आनंदाने तयार होतात. आग्रह धरणारे चुलतभाऊच असतात.

कायद्याचं मोजकं सांगतो. शेवटचा शब्द स्थानिक वकिलाचा. तलवार ही १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत, २०१६ च्या नियमावलीतही, बंदुकीखेरीजच्या हत्यारांत मोडते. परवाना कुठे लागतो हे सरकारी अधिसूचनांवर ठरतं. घरात गुंडाळून ठेवलेली वारशाची तलवार आणि रस्त्यावर मिरवलेली तलवार यांत पोलीस व्यवहारात फरक करतात, पण त्यावर नुसतं विसंबून राहू नका. फोटो, मापं आणि ती घरात कशी सापडली याचं साधं पत्र करून तुमच्या पोलीस ठाण्यात द्या, पोच घ्या. वाढदिवसाचा केक तलवारीने कापून रील टाकणाऱ्यांवर आपल्याकडे गुन्हे नोंदले जातात, तेव्हा पुतण्यांना आधीच बजावून ठेवा. तलवार माळ्याऐवजी परसात खणताना जमिनीत सापडली असती, तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक होतं.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली पुरावशेष ठरते. घरात बाळगायला तो कायदा आड येत नाही. नोंदणी लागणाऱ्या वस्तूंची यादी वेगळी आहे, ती पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याकडून खात्री करून घ्या. विकायची झालीच तर परवानाधारक व्यापाऱ्यालाच, आणि देशाबाहेर नाही. किंमत विचारलीत, फोटोवरून मी सांगत नाही, आणि जो सांगेल त्याला ती तुमच्याकडून स्वस्तात घ्यायची असते. नाव, प्रसंग किंवा कागद जोडलेला नसेल तर साध्या तलवारीला लिलावातल्या बातम्यांचे आकडे लागू होत नाहीत. म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून ती कोणाची, कधीपासून, हे आत्ताच लिहून किंवा रेकॉर्ड करून घ्या. घरात मोडी कागद असतील तर तेही फेकू नका. त्यात एखाद्या यादीत तलवारीचा उल्लेख निघाला तर तो तलवारीइतकाच मोलाचा.

भावाला मात्र नाहीच सांगावं लागेल. विमानात सामानात टाकून न्यायचा विचार कोणी गमतीतही बोलू नये. पुरावशेष खाजगी माणसाने देशाबाहेर नेणं हा गुन्हा आहे, आणि एक्स-रे मशीनमध्ये दीड हात लांबीचं पातं लपत नाही. त्याला हवे तर चांगले फोटो पाठवा: काळ्या कापडावर, शेजारी पट्टी ठेवून, दोन्ही बाजू, पाठ, मुठीलगतचा भाग आणि कटोरी खालून. तेच फोटो मलाही पाठवा, पाठीचा जरा जवळून.